खाज थांबल्याची तक्रार

नोकरीत माझ्यापुढे हजारो तक्रारी आल्या. मोटारसायकल गेली, शेजाऱ्यानं शेताचा धुरा, म्हणजे बांध कोरला, जावई मारतो, पोरगी पळाली. बहुतेक सगळ्या विसरलो, आणि विसरलो याचं काही वाईटही वाटत नाही. पण अंगाची खाज थांबली म्हणून एक माणूस ठाण्यात तक्रार घेऊन आला होता, ते प्रकरण डोक्यातून जायला तयार नाही. नावं कुणाचीच लिहिणार नाही. चांगल्या माणसांना त्यांची नावं छापून नको आहेत, आणि वाईटांचा खटला अजून चालू आहे.

भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी झाली होती, दोन शिपाई समन्स बजावायला गेले होते आणि मी बंदोबस्ताचा कागद करत बसलो होतो. बाहेरच्या टेबलावर ठाणे अंमलदार म्हणून एक हवालदार बाई होत्या. कामाला चोख, पण हसू फुटलं की आवरायचं नाही. त्यांचं हसणं ऐकूनच मी उठून बाहेर आलो.

बाकावर साठी ओलांडलेले एक काका बसले होते. खांद्यावर दुपट्टा, पायात नव्या चपला, अंग मात्र पार वाळलेलं. शेजारी काकू. त्यांच्या मांडीवर थर्माकोलचा डबा होता आणि तो त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"काय झालं काका?"

"साहेब, माही खाज थांबली."

हवालदार बाई पुन्हा फिसकन हसल्या. काका चिडले नाहीत. "हासा बाई. गावातले बी हासले. पण लिहून घ्या," एवढंच म्हणाले.

"खाज थांबली तर बरंच झालं ना?" मी म्हटलं.

"बरं नाई झालं. तीन महिने पाठ, पोटऱ्या, सारं आंग खाजवत होतो, तवा मी जगून राहिलो होतो. आता आंग गपगार पडलं. मले जे टोचून राहिले, त्यात दवाईच नाई आहे."

मी दोघांना आत बोलावलं, चहा सांगितला. काका आंबागडाच्या पायथ्याकडचे धानाचे शेतकरी. तरुणपणी शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी हाकणारे म्हणून त्यांचं पाच तालुक्यांत नाव होतं. दीड वर्षापूर्वी लघवीतून रक्त गेलं. मूत्रपिंडाचा कॅन्सर निघाला, एक मूत्रपिंड काढलं, तरी रोग फुप्फुसात पोचलाच. मग मोठ्या शहरातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी त्यांना दोन औषधं एकत्र सांगितली. एक दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून द्यायचं, एक रोज तोंडानं घ्यायची गोळी. डॉक्टर त्याला 'कॉम्बिनेशन' म्हणाले. काकांनी त्याची जोडी केली.

"डॉक्टर म्हणे, नुसती गोळी घ्याल तं खर्च कमी, पण रोग लवकर उसळी मारते. जोडी लावाल तं जास्त दिवस दाबून ठेवते. कोणाले भल्ला गुण येते, कोणाले काहीच येत नाई, आन् कोणाले येईन हे मले पहिलेच सांगता येत नाई. मी म्हटलं, लावा जोडी. एका बैलानं पट होत नसते."

किंमत मी विचारली. त्यांनी सांगितली तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. एका बाटलीत माझ्या ठाण्यातल्या दोन हवालदारांचा महिन्याचा पगार निघाला असता. काकांनी कर्ज काढलं नव्हतं. पटाची जोडी विकली होती, रस्त्याला लागून असलेला एक तुकडा विकला होता. भावकी, सोयरे, गावातले शहाणे, सगळ्यांनी येऊन सांगून पाहिलं की या वयात कायले पैसा पाण्यात घालता, पोरांसाठी ठेवा.

इथे काकू पहिल्यांदा बोलल्या. "ज्यानं त्यानं येऊन हिशेब सांगतला साहेब. दहा महिने जास्त जगले तं काय, अन् नाई जगले तं काय. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या नवऱ्याचे महिने मोजा, माह्या नवऱ्याचे मी मोजतो."

आमच्याकडे बायाही 'मोजतो' म्हणतात. त्या बाईचा आवाज चढला नव्हता, पण डब्यावरची बोटं पांढरी पडली होती.

पहिल्या सहा बाटल्या शहरातल्या त्या डॉक्टरांच्या कॅन्सर केंद्रातच लागल्या. दुसरीनंतर खाज सुटली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की हे औषध शरीराच्या झोपलेल्या पहारेकऱ्यांना उठवतं, आणि उठलेले पहारेकरी कधी कधी घरच्याच माणसावर काठी उगारतात. (हे मला लगेच समजलं. आमच्या खात्यातही असे आहेत.) स्कॅनमध्ये फुप्फुसातल्या गाठी निम्म्यानं वितळलेल्या दिसल्या. मग त्यांना एक 'रुग्णसेवक' भेटला. पूर्वी औषध कंपनीची बॅग घेऊन फिरणारा, आता गळ्यात ओळखपत्र घालून रुग्णांची सेवा करणारा. तीच बाटली अर्ध्या किमतीत, वर शहरात खेटे नकोत, जवळच्याच एका खासगी दवाखान्यात सलाईन लावून देतो म्हणाला. अट एकच, बिल मागायचं नाही आणि बाहेर बोलायचं नाही, नाहीतर सवलत बंद होईल. त्याच्या तीन बाटल्या लागल्या आणि खाज गेली. चौथी त्यानं हाती दिली होती, ती त्या थर्माकोलच्या डब्यात होती.

"मग डॉक्टरांनाच सांगायचं ना. पोलिसाकडे काहून आलात?" मीही त्यांच्याच बोलीवर आलो.

"पुढच्या महिन्यात स्कॅन आहे. गाठ वाढली दिसली तं डॉक्टर कागदावर लिहिन का जोडी हारली. मंग जोडी बंद. अन् साहेब, ते जोडी तं पटावर आलीच नाई. न धावता हारली असं कसं लिहू देऊ?"

मी कागद बाजूला सारला आणि तक्रार लिहून घ्यायला सांगितलं.

वरिष्ठांना फोन केला. ते हसले नाहीत, त्याहून वाईट केलं, समजावणीच्या सुरात बोलले. म्हणाले, म्हातारा आजारी आहे, भ्रम होतो, समजूत काढून पाठवा, उगाच औषधवाल्यांच्या नादी लागू नका. "आणि पंचनामा कशाचा करणार, खाजेचा?" मी 'बघतो सर' म्हणालो. पोलीस खात्यात 'बघतो सर' याचे दोन अर्थ होतात, आणि त्या दिवशी माझा दुसरा अर्थ होता.

शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला. माणूस सरळ निघाला. म्हणाले, "खाज थांबली म्हणजे औषध खोटं, असं मी म्हणू शकत नाही. आपोआपही थांबते. पण ती चौथी बाटली कुणाला टोचू देऊ नका, आणि थंड ठेवा. गरम झाली तर खरं औषधही बिघडतं, मग तपासणार काय?"

थंड ठेवा. आता ठाण्यात फ्रिज एकच. त्यात कुणाचं ताक, कुणाची मिरची, आणि मुद्देमालाशी संबंध नसलेली अर्धी कोबी. हवालदार बाईंनी पाच मिनिटांत सगळं बाहेर काढलं, फडक्यानं पुसलं आणि दारावर कागद चिकटवला, 'मुद्देमाल. ताक ठेवू नये.' सकाळी हसलेल्या बाई त्या ह्याच. डबा आत ठेवल्याची नोंद मी स्टेशन डायरीत वेळेसह केली.

दुपारी औषध निरीक्षक आले. दोन पंच बोलावले आणि सगळ्यांसमोर डब्यातलं बाटलीचं बंद खोकं उघडलं. झाकण घट्ट, लेबल स्वच्छ, छपाई सुबक. निरीक्षक चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, प्रयोगशाळेत पाठवू, निकालाला वेळ लागेल, डोळ्यांनी तर काही कळत नाही. माझं तोंड उतरलं. नुसत्या संशयावर तो सेवक हाती लागला नसता, आणि निकाल येईपर्यंत काकांचा स्कॅन होऊन गेला असता.

पंचनाम्यात वस्तूचं वर्णन सगळ्या बाजूंनी लिहावं लागतं. हवालदार बाईंनी हातमोजे घालून बाटली उलटी केली आणि म्हणाल्या, "साहेब, तळाला लाल काहीतरी आहे."

बाटलीच्या काचेच्या तळाला बारीक उठावाचे आकडे होते. त्यांच्या खाचांत लाल रंगाचे तीन कण अडकले होते. काका दाराशी उभे होते. पुढे झाले, वाकून पाहिलं आणि खालीच बसले.

"हे बाटली माही आहे," ते म्हणाले. "हे मी एकदा पिऊन बसलो."

कुणालाच काही समजलं नाही. मग काकूंनी सांगितलं. पटावर उतरण्याआधी काका जोडीच्या खुरांना लाल टिळा लावायचे. पोळ्याला शिंगं रंगवतात तोच ऑइलपेंट. शिंगं सगळेच रंगवतात, पण धावतो खूर, म्हणून टिळा खुराला, हे त्यांचं स्वतःचं. जोडी विकली तरी सवय सुटली नाही. पहिल्या बाटलीला लेबलावर टिळा लावला तर नर्स ओरडली, लेबल खराब करायचं नाही बाबा. तेव्हापासून नर्सच्या हाती देण्याआधी बाकावर बसून ते आगकाडीनं बाटलीच्या तळाला ठिपके द्यायचे. पहिलीला लेबलावरच एक झाला होता, म्हणून दुसरीला दोन.

"अन् तिसरीले तीन," काका म्हणाले. "हे माह्या दावणीची आहे."

सील न तोडलेली, अर्ध्या किमतीची 'नवी' बाटली. आणि तिच्या खुराला काकांनी अनेक महिन्यांपूर्वी शहरातल्या केंद्रात लावलेला टिळा. निरीक्षकांनी चष्मा काढला. मी हवालदार बाईंना म्हटलं, लिहा, खाजेचा पंचनामा लिहा.

सेवकाला त्याच्या ऑफिसातून उचललं. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, आवाज लोण्यासारखा. चौकशी दोन तास चालली. तो म्हणत होता, मी समाजसेवा करतो, मोठ्या कंपन्या गरिबांना लुटतात, मी अर्ध्यात देतो म्हणून त्यांच्या पोटात दुखतं. हे सगळं त्यानं इतक्या वेळा म्हटलेलं होतं की वाक्यं गुळगुळीत झाली होती. मी हात उचलला नाही. मारून बोललेला माणूस कोर्टात उलटतो, हे मी माझ्या पहिल्याच ठाण्यात शिकलो होतो.

टेबलावर मी दोनच गोष्टी ठेवल्या होत्या. बाटलीचा समोरून काढलेला फोटो आणि काकांच्या घरून आणलेला लाल रंगाचा डबा. डब्याबद्दल एक शब्द बोललो नाही. खरा व्यापारी आपल्या मालावर आळ आला की माल हातात मागतो, उलटसुलट करून बघतो, भांडतो. या माणसानं फोटोकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याची नजर सारखी रंगाच्या डब्याकडे जात होती.

"तुमच्या बाटलीला लाल रंग लागलाय. कुठून आला?" मी विचारलं.

"साहेब, ती कंपनीचीच खूण असते. बॅच ओळखायला तळाला लावतात."

मी फोटो त्याच्यापुढे सरकवला. "तळाला आहे, असं मी कुठे म्हटलं?"

त्यानं पाणी मागितलं. पाणी प्यायला, ग्लास खाली ठेवला आणि मग सगळं बाहेर आलं. केंद्रातल्या एका सफाई कामगाराकडून तो रिकाम्या बाटल्या घ्यायचा. त्या फोडून नष्ट व्हायला हव्या होत्या. त्याच्या ऑफिसामागच्या गल्लीतल्या भाड्याच्या खोलीत घरगुती फ्रिज, झाकणं दाबायचं हातयंत्र, रबरी बुचं, सुया सापडल्या. मोरीत थिनरची बाटली आणि एक दातांचा ब्रश होता. काकांचा रंग त्यानं थिनरनं घासला होता. वरवरचा निघाला, आकड्यांच्या खाचांतला राहिला. निवांत पाहिलं असतं तर दिसला असता, पण बाटलीचा तळ बघतो कोण? आत भरलेलं होतं मिठाचं पाणी.

त्याच्या मोबाइलमध्ये गिऱ्हाइकांची यादी मिळाली. जबाब घ्यायला मी स्वतः फिरलो. जवाहरनगरच्या क्वार्टरमधले एक निवृत्त कामगार हातातली गोळी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिले. चिखल्याला गेलो तेव्हा खाण कामगारांच्या वसाहतीतल्या त्या घरात भिंतीवर फोटोला हार होता. बाई म्हणाल्या, "औषधानं गुण दिला नाई साहेब. डॉक्टर तं पहिलेच बोलले होते, सगळ्यांले लागू पडत नाई."

मी जबाब अर्धवट ठेवून बाहेर आलो. पोलिसात असं होऊ नये, पण झालं. डॉक्टरचं ते वाक्य खरं आहे. हे औषध खरोखरच सगळ्यांना लागू पडत नाही. आणि तो चोर त्याच खऱ्या वाक्याच्या आड बसला होता. डाळीत खडे घातले तर दाताखाली येतात, दुधात पाणी घातलं तर साय येत नाही. इथे माणूस मेला तरी सगळे म्हणणार, नशीब, दुसरं काय. त्या बाईंना खरं सांगायचं की नाही यावर मी जीपमध्ये बराच वेळ बसून राहिलो. मग परत आत गेलो आणि सांगितलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हंजे माहा माणूस हारला नोयता." नव्हता हरला, मी म्हटलं.

यावरून मला आजही संताप येतो. आणि चोराइतकाच राग मला त्या शहाण्यांचा येतो, जे दुसऱ्याच्या ओसरीवर बसून त्याच्या जिवाची किंमत ठरवतात. औषध महाग आहे, फार महाग आहे, इतकं की सांगताना त्या डॉक्टरांचीच मान खाली जायची. सरकारनं विचार करावा, कंपन्यांना विचारावं, इतक्या पैशात किती माणसांचे किती महिने वाढतात याचा कागद मांडावा, ते त्यांचं कामच आहे. पण काकांना तो कागद दाखवून घरी बसवायचा अधिकार कुणाच्या बापाला नाही. ते औषध अर्ध्या किमतीत मिळेल असं ऐकल्यावर माणूस चोराच्या दारात जातो, त्यात त्याचा लोभ नसतो, जगायची इच्छा असते. मी तीस वर्षं लोभानं फसलेली माणसं पाहिली. दोन्हींतला फरक कळायला मला हे प्रकरण यावं लागलं.

काकांचं पुढे काय झालं, ते सांगतो. मी पंचनाम्याची प्रत डॉक्टरांकडे नेली. त्यांनी केसपेपर पुढे ओढला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं की शेवटच्या तीन मात्रा औषधाच्या धरू नयेत. ते वाचून काकूंनी पदर डोळ्याला लावला. सगळ्या प्रकरणात त्या एकदाच रडल्या. मग केंद्रातल्या समाजसेविकेनं एक फॉर्म काढला. ठरावीक बाटल्या विकत घेतल्यावर पुढच्या फुकट देणारी कंपनीचीच योजना होती, आणि काका तिच्यात बसत होते. त्या सेवकानं ती त्यांच्यापासून लपवून ठेवली होती. स्कॅनमध्ये एक गाठ थोडी वाढली होती. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, पुन्हा सुरू करू, पण काय होईल ते मी सांगू शकत नाही.

"तुम्ही नका सांगू," काका म्हणाले. "जोडी सांगन."

दीड महिन्यानंतर एका सकाळी ठाण्याच्या फोनवर काकांचा आवाज आला. हवालदार बाईंनी फोन घेतला, ऐकलं, रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहून हसल्या. पण या वेळी डोळ्यांत पाणी होतं. "साहेब, काका म्हणतात, सारी पाठ खाजवून राहिली."

डॉक्टर पुन्हा तेच म्हणतील हे मला माहीत होतं, की खाज म्हणजे काही पुरावा नाही. म्हणू देत. मी स्टेशन डायरी ओढली, वेळ टाकली आणि लिहिलं, 'गुन्ह्यातील तक्रारदारास पुन्हा खाज सुटल्याचे त्यांनी दूरध्वनीवरून कळविले.'

पुढच्या तपासणीत वरिष्ठांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली. लेखी विचारणा आली, सदर नोंदीचे प्रयोजन काय, तीन दिवसांत खुलासा करावा.

मी त्याच दिवशी खुलासा पाठवला. एकच ओळ होती.

'तक्रारदार जिवंत आहे.'